बोट ‘रोम’ला लागत नाही: युरोपच्या क्रूझवर किनाऱ्यावरचा दिवस कसा आखावा

क्रूझच्या माहितीपत्रकात ‘रोम’ असं ठळक लिहिलेलं असतं, पण बोट लागते चिव्हितावेक्कियाला. तिथून रोम ७०-८० किलोमीटर आत आहे. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नोचं बंदर, तिथून रेल्वेने जवळपास दीड तास. व्हेनिसमध्ये तर ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’ लिहिलेली बोट शेजारच्या मार्गेरा बंदरात थांबेल किंवा थेट रावेन्ना, त्रिएस्ते या दुसऱ्याच शहरांतही. म्हणून पैसे भरण्याआधी एक कागद घ्या. प्रत्येक शहरासमोर खऱ्या बंदराचं नाव, बोट लागण्याची आणि सुटण्याची वेळ आणि वार लिहा. वार विसरू नका, त्याच्याकडे पुढे येतेच.

मी शाळेत भूगोल शिकवत असे, त्यामुळे नकाशा समोर घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या चौकडीत मी, हे, विहीणबाई आणि व्याही. विहीणबाईंचे गुडघे दुखतात, व्याह्यांना मधुमेह आहे म्हणून एकच्या ठोक्याला जेवण लागतं, आणि चौघंही शाकाहारी. मी जे सांगते आहे ते अशाच कुटुंबांसाठी. विशीतल्या मुलांनी यात हवी तेवढी धावपळ वाढवावी.

दिवस संध्याकाळकडून मोजा

सगळ्यात महत्त्वाची वेळ म्हणजे ‘ऑल अबोर्ड’, सगळ्यांनी बोटीवर परत आलेलं असण्याची वेळ. ती बोट सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात छापलेली असते. बोटीच्या कंपनीची सहल घेतली असेल आणि तिची बस अडकली, तर बोट थांबते. तुम्ही स्वतःहून गेला असाल तर बोट निघून जाते आणि पुढचं बंदर तुम्हाला स्वखर्चाने गाठावं लागतं. स्वतः फिरायचं असेल तर हा फरक पक्का लक्षात ठेवून हिशेब उलटा करायचा.

चिव्हितावेक्कियाचंच उदाहरण घेऊ. बोट सुटणार सात वाजता, ऑल अबोर्ड साडेसहा. मी स्वतःसाठी पाच ही वेळ धरते, म्हणजे दीड तास हाताशी राहतो. चिव्हितावेक्किया स्टेशनवरून बंदराच्या बसथांब्यापर्यंत समुद्राकाठाने पंधरा-वीस मिनिटं चालायचं, तिथून बंदराची बस बोटीपाशी सोडते, मग सामानाच्या तपासणीची रांग. याला पाऊण तास. म्हणजे स्टेशनवर सव्वाचारला पोचायला हवं. रोममधल्या सान पिएत्रो स्टेशनवरून साधी गाडी तासाभरात येते, तेव्हा सव्वातीनच्या आसपासची गाडी पकडायची. सकाळी सातला बोट लागली तरी खाली उतरून, बस घेऊन, स्टेशन गाठून गाडीत बसेपर्यंत पावणेनऊ होतात आणि रोममध्ये पाऊल पडतं पावणेदहाला. हातात उरतात साडेपाच तास, त्यातले जेवणाचे आणि बसायचे वजा करा.

या हिशेबाला एक अट जोडा: परतीची म्हणून जी गाडी धराल तिच्यामागे अजून एक गाडी अशी असली पाहिजे, जिने बोट मिळेल. तशी गाडी नसेल तर त्या दिवशी बोटीच्या कंपनीची बस घ्यावी. बहुतेक कंपन्यांकडे नुसत्या ने-आणीची सहलही असते. गाइड नाही, तिकिटं नाहीत, फक्त शहरात सोडतात आणि ठरलेल्या वेळी परत आणतात. पूर्ण सहलीपेक्षा ती स्वस्त पडते आणि बोट सुटण्याची धास्ती राहत नाही. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर रोमसाठी मला हाच मार्ग सगळ्यात बरा वाटतो.

रोममध्ये काय सोडायचं

एका दिवसात व्हॅटिकनची संग्रहालयं आणि कोलोसियम दोन्ही करू नका. दोन्हीकडे वेळेची तिकिटं आणि सुरक्षा तपासणी, आणि मधे अख्खं शहर. एक निवडा. आमची निवड अशी: सान पिएत्रो स्टेशनवर उतरून दहा-पंधरा मिनिटं चालत सेंट पीटरचा चौक. तिथल्या बॅसिलिकात, म्हणजे भव्य चर्चमध्ये, प्रवेश फुकट आहे, पण चौकातल्या खांबांच्या कमानीखालून रांग लागते, ती तासाभराचीही असू शकते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सलवार-कुडता आणि ओढणी असली की प्रश्नच मिटतो. पुरुषांनी बर्म्युडा घालू नये.

आत गेल्यावर उजवीकडे पहिल्याच बाजूला मायकेलअँजेलोची ‘पिएता’ आहे, मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेल्या मेरीचं शिल्प, काचेआड. गर्दी तिथे क्षणभर थबकून फोटो काढते आणि पुढे सरकते. तुम्ही जरा कडेला थांबा. मांडीवरच्या ख्रिस्ताचा लोंबणारा उजवा हात, दंडाखाली दबलेली मेरीची बोटं, आणि त्या बोटांनी दुमडलेलं कापड हे सगळं संगमरवर आहे हे पटायला वेळ लागतो. तो वेळ देता यावा म्हणूनच तर मी बाकीची ठिकाणं यादीतून काढते.

तिथून सरळ नदीकडे चालत कास्तेल सान्त’आंजेलो हा किल्ला, पूल ओलांडून पियाझ्झा नावोना हा चौक, मग पॅन्थिऑन हे प्राचीन रोमन देऊळ. पॅन्थिऑनला जुलै २०२३ पासून पाच युरोचं तिकीट आहे. रस्ता सपाट आहे, पण चौकोनी काळ्या दगडांचा, त्यामुळे जाड तळव्याचे बूटच घाला. पाण्याची बाटली विकत घेऊ नका; रस्तोरस्ती लोखंडी नळ सतत वाहत असतात, ते पाणी पिण्याचं आहे. परतताना ६४ नंबरची बस सान पिएत्रो स्टेशनपर्यंत जाते, बँकेचं कार्ड यंत्राला टेकवलं की तिकीट. ही बस पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे. पर्स पोटाशी, मोबाइल आत.

रेल्वेचं छापील तिकीट घेतलंत तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या लहान यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या. विनाशिक्का तिकीट म्हणजे दंड. आणि इटलीला जाण्याआधीच्या आठवड्यात ‘शोपेरो’, म्हणजे संप, जाहीर झालाय का ते पाहा. कामकाजाच्या दिवशी संपातही सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल गाड्या सोडाव्या लागतात, पण क्रूझवाल्यांच्या परतीची दुपार नेमकी मधे येते. संप दिसला की मुकाट्याने बोटीची बस घ्या.

वार

व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). बुधवारी सकाळी पोपची जाहीर सभा असते, तेव्हा बॅसिलिकात दुपारपर्यंत जाता येत नाही. फ्लॉरेन्सचं उफिझी हे चित्रसंग्रहालय आणि डेव्हिडचा पुतळा असलेलं अकादेमिया सोमवारी बंद. नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद. बोट कोणत्या वारी कुठे आहे हे कोणी तुम्हाला मुद्दाम सांगत नाही. तिकीट काढायच्या आधी तपासा.

बंदराप्रमाणे धोरण

लिव्होर्नोहून फ्लॉरेन्सचा हट्ट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जाऊन-येऊन चार-पाच तास प्रवासातच जातात. त्यापेक्षा पिसा गाठा. गाडीने पंधरा-वीस मिनिटं, झुकता मनोरा आणि त्याशेजारची हिरवळ बघून दुपारी जेवायला बोटीवर. फ्लॉरेन्स स्वतंत्र सहलीसाठी राखून ठेवण्याच्या योग्यतेचं शहर आहे.

नेपल्सला उलट. बोट शहराच्या मध्यात, किल्ल्यासमोर लागते. पॉम्पेईला, म्हणजे प्राचीन रोमन शहराच्या अवशेषांकडे, जायची छोटी गाडी गारिबाल्दी स्टेशनच्या तळातून सुटते आणि पाऊण तासाच्या आत ‘पॉम्पेई स्कावी’ला पोचवते, तिथून प्रवेशद्वार समोरच. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांनाच आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून तिकीट घरूनच काढा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. आतल्या रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आणि रस्ता ओलांडायला ठेवलेले उंच दगड आहेत. विहीणबाईंना ते झेपणारे नव्हते, पण व्हीलचेअरसाठी आणि गुडघेदुखीवाल्यांसाठी तीन किलोमीटरहून लांब असा सपाट मार्ग आखलेला आहे, त्याची चौकशी दारातच करा. खाद्यपदार्थांच्या दुकानांचे दगडी कट्टे आणि त्यांत बसवलेली गोल मडकी बघून त्या म्हणाल्या, “इथे तर अगदी उडप्याचं हॉटेल चालत असणार!” इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेलं हे शहर मला इतर कुठल्याही बंदरापेक्षा जास्त आवडतं.

नेपल्सहून काप्री बेट मात्र स्वतःहून करू नका. वारा वाढला की बेटाच्या बोटी रद्द होतात आणि तुमची क्रूझ समोर दिसत असताना तुम्ही बेटावर अडकता. आपण आणि आपली बोट यांच्यामध्ये दुसरी बोट आली की सहल कंपनीचीच घ्यायची.

बार्सिलोना सोपं. बंदराची बस कोलंबसच्या पुतळ्यापाशी सोडते, पुढे मेट्रो. साग्रादा फामिलिया या चर्चचं वेळेचं तिकीट काही आठवडे आधी काढा, दारात मिळेल या भरवशावर राहू नका. मार्सेयला बोट शहरापासून बरीच दूर लागते, बंदराच्या बसची वेळ विचारून घ्या. सान्तोरिनीत बोट किनाऱ्याला लागतच नाही. लहान बोटींतून खाली सोडतात आणि वर फिरा नावाच्या गावात जायला केबल कार, गाढव किंवा सुमारे सहाशे पायऱ्या. संध्याकाळी केबल कारची रांग भयंकर असते, म्हणून तिथे दोन तास आधी खाली उतरायला सुरुवात करा.

खाणं आणि कागदपत्रं

बोटीच्या बुफेतलं ताजं खाणं किनाऱ्यावर न्यायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. घरून नेलेला बंद पाकिटातला चिवडा आणि खाकरा मात्र चालतो. जिनोआत बोट प्रिन्चिपे स्टेशनजवळच लागते आणि तिथल्या जुन्या गल्ल्यांत ‘फारिनाता’ मिळतो: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या परातीत भट्टीत भाजलेला. बेसनाच्या पोळ्याचा सख्खा भाऊच. गरमागरम घ्या, वर मिरपूड. व्याह्यांचं एक वाजताचं जेवण त्यावर झकास होतं.

मार्गात तुर्कस्तान किंवा ट्युनिसिया असेल तर युरोपचा शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा. एकदा बाहेर पडलात की सिंगल एंट्री संपली. पासपोर्ट बोटीवर जमा असेल तर त्याची रंगीत प्रत आणि क्रूझ कार्ड (बोटीचं ओळखपत्र) प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावं, एकाच्या पर्समध्ये चौघांची नाही. पत्रकावर बोटीच्या कंपनीच्या त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. उतरण्यापूर्वी त्याचा फोटो काढा. घड्याळ बोटीच्या वेळेला लावा, कारण मोबाइल स्थानिक वेळ दाखवेल आणि दोन्हींत कधी कधी तासाचा फरक पडतो. समुद्रात मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर बोटीचं उपग्रहाचं नेटवर्क धरून जबर बिल येतं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. औषधं, इन्सुलिन, चष्मा, पासपोर्ट आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, आणि परतीचं विमान दुपारी एकनंतरचं घ्या.