ईस्टरला मित्रमंडळींसोबत वल्हांडणाचं जेवण कसं मांडावं

येशूचं शेवटचं भोजन वल्हांडणाच्या दिवसांतलं, म्हणून ईस्टरच्या आठवड्यात तसं जेवण करावंसं पुष्कळांना वाटतं. जरूर करा, पण ज्यूंचे पूर्वज मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून सुटले, त्याच्या आठवणीचा हा त्यांचा आजही घरोघर पाळला जाणारा सण आहे, याचं भान ठेवून. त्यांच्या ‘सेदर’ जेवणाचं आजचं रूप इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेल्यानंतर घडलं. तेव्हा ‘येशूनेही अस्संच केलं’ असं पाहुण्यांना सांगू नका. ओळखीत बेने इस्रायली (मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं) कुटुंब असेल तर आधी त्यांना विचारा. त्यांनीच जेवायला बोलावलं तर उत्तमच! नाहीतर आपल्या जेवणाला सेदर म्हणू नका.

दिवस पुण्य गुरुवारचा किंवा ईस्टरच्या संध्याकाळचा धरा. वल्हांडण दरवर्षी त्याच आठवड्यात येईलच असं नाही. २०२६ मध्ये मात्र तो १ एप्रिलच्या संध्याकाळी लागतो आणि ईस्टर ५ तारखेला.

सगळ्यात कसोटीची बेखमीर भाकर. कणीक आणि पाणी, बस्स. आपली चपातीही बिनखमिराचीच, पण आपण कणीक मळून झाकून ठेवतो आणि इथे नेमकं तेच चालत नाही. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत भाकर भाजून व्हायला हवी. म्हणून एकाने मळावं, दुसऱ्याने पातळ लाटून काट्याने टोचावं, तिसऱ्याने तापलेल्या तव्यावर टाकावं. एका वेळी दोन मुठी पीठच घ्या. पाहुण्यांत ज्यू असतील तर घरची भाकर त्यांच्या नियमात बसणार नाही. त्यांना विचारून मात्सा, म्हणजे तयार बेखमीर भाकर, आणा.

ताटात भाजलेली मटणाची नळी (ही खायची नसते), उकडलेलं अंडं, कोथिंबीर, मिठाचं पाणी आणि मेथीची कच्ची पानं ठेवा. मिठाचं पाणी म्हणजे गुलामांचे अश्रू. कोथिंबीर त्यात बुडवून खातात. शेजारी खजुराची चटणी हवी. पाव किलो खजूर भिजवून, शिजवून, गाळून घट्ट आटवा आणि वर कुटलेले अक्रोड घाला. गुलामीत कराव्या लागलेल्या विटांच्या चिखलाची ती आठवण. मेथीच्या कडूवर हे गोड लागतं तेव्हा माझ्या टेबलावर सगळे क्षणभर गप्प होतात.

वाइन नको असेल तर बेने इस्रायली करतात तसं काळ्या मनुकांचं सरबत करा. प्याले चार. सुटकेच्या कथेत देवाने मिसरवर पाठवलेल्या दहा पीडांची नावं घेताना प्रत्येकी एक थेंब ताटलीत सांडायचा, कारण मिसरी लोकांच्या दुःखावर आपला प्याला भरलेला राहू नये.

गोष्टीला सुरुवात सगळ्यांत लहान मूल करतं: ‘आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ मग बायबलच्या निर्गम या पुस्तकातली सुटकेची कथा सगळ्यांनी आळीपाळीने वाचा. ज्यू घरांत यासाठी हग्गादा नावाचं पुस्तक असतं. पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हग्गादात साडी नेसलेल्या बायका भाकऱ्या करताना दाखवल्या आहेत. चित्र मिळालं तर पाहुण्यांना जरूर दाखवा.

जेवणाच्या सुरुवातीला तीन भाकरी एकावर एक ठेवून त्यातली मधली मोडून एक तुकडा लपवा. मुलं तो शोधून काढतात आणि बक्षिसासाठी घासाघीस करतात. तो तुकडा खाल्ल्यावर काही खायचं नसतं, म्हणून फळं आधीच वाढा.