राब भाजण्याआधी: भंडारदरा जलाशय आणि अभयारण्याच्या हद्दीतल्या शेतकऱ्यांसाठी उन्हाळी सल्ला

भात झोडून झाला, खाचरातला हरभरा-मसूर घरात आला, की भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, साम्रद या पट्ट्यात पुढच्या पावसाची तयारी सुरू होते. टहाळ (झाडाच्या पाल्यासकट फांद्या) तोडायचा, वाळवायचा, भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर भाजण्यासाठी त्याचा थर म्हणजे राब रचायचा, बांध सावरायचे, बाळहिरडा (हिरड्याची कोवळी फळं) वेचायचा, आणि वळीव यायच्या आत राब भाजून मोकळं व्हायचं. ही कामं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. पण १९८६ पासून हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे आणि त्याच्या मध्यावर १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाचा जलाशय आहे. त्यामुळे एकाच शेतकऱ्याचं खाचर महसूलच्या नोंदीत, वरचा माळ वनखात्याकडे आणि पाण्याकडची उतरती जमीन जलसंपदा विभागाकडे, असं सर्रास दिसतं. तिन्हीकडचे नियम वेगळे. माझ्या मते इथे बंदीपेक्षा या गोंधळानेच शेतकऱ्याचं जास्त नुकसान होतं. कुणी परवानगी असलेलं कामही भीतीपोटी सोडून देतो, कुणी नसलेलं काम ‘आमच्या आज्यापासून चालतंय’ म्हणून करतो आणि गुन्हा अंगावर घेतो.

आधी कागद, मग कोयता

चैत्र लागायच्या आत एक काम करा. सातबारा, गाव नकाशा आणि वनपट्टा असेल तर त्याचा नकाशा एकत्र घेऊन शेताच्या चारी कडांवरून चालून या. सोबत शेजारी घ्या, जमलं तर वनरक्षकालाही बोलवा. वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या जमिनीचा असतो आणि कुटुंबाला जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत मिळतो. तो वारसाने पुढच्या पिढीकडे जातो, विकता मात्र येत नाही. पट्ट्याच्या नकाशाबाहेर दरवर्षी हातभर सरकत जाण्याची सवय अनेकांना आहे. नाचणी-वरईच्या माळावर तर ती चटकन लक्षातही येत नाही. मोजणी झाली की त्या हातभरापायी सगळा पट्टाच वादात सापडतो. त्यापेक्षा यंदाच उतारावर समतल बांध घाला, दगडांची ताल (माती अडवणारी रचाई) रचा. माती थांबेल, आणि तुमची हद्द कुठवर आहे ते कुणालाही डोळ्यांनी दिसेल.

मालकीच्या बांधावरचं झाड आपलं असलं तरी ते तोडणं सर्वस्वी आपल्या हातात नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत हिरडा, ऐन, आंबा, जांभूळ, मोह, फणस, साग, खैर अशी झाडं आहेत. ती तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ‘वाळलेलं होतं’ हे कारण पंचनाम्याच्या वेळी ऐकून घेतलं जात नाही.

राब: सगळ्यात जास्त लक्ष इथे

राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो आणि राब भाजणीही नेमकी याच काळातली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग लावणं, पेटवणं किंवा पेटती ठेवून निघून जाणं हा गुन्हा आहे. यातले ‘धोका होईल अशा रीतीने’ हे शब्द नीट वाचा. आपल्या खाचरातला राब काळजीपूर्वक भाजणं वेगळं. दुपारच्या वाऱ्यात काडी ओढून घरी भाकर खायला जाणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात ठिणगी माळावरच्या वाळल्या गवतात गेली की ती डोंगराच्या माथ्याशिवाय थांबत नाही. रांगत्या पिल्लांपासून जमिनीवरच्या घरट्यांपर्यंत सगळं त्यात जातं. शिवाय पुढच्या पावसात त्या उघड्या पडलेल्या उताराची माती थेट जलाशयात उतरते. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात उघडी माती टिकणार कशी?

ज्यांना यंदा राब भाजायचाच आहे त्यांनी निदान एवढं पाळावं. राबाभोवती दहा फुटांचा पट्टा गवत-पातेरा काढून साफ मातीचा करावा. पहाटे किंवा अगदी सकाळी, वारा पडलेला असताना पेटवावं आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवत यावं. दोन-तीन माणसं, हिरव्या फांद्या आणि पाण्याचे हंडे जवळ असावेत. राख गार होईपर्यंत कुणीतरी तिथेच बसावं. आदल्या दिवशी वनरक्षकाला सांगून ठेवावं. गावातले सगळे राब दोन-तीन दिवसांत ठरवून भाजले तर माणसंही हाताशी राहतात आणि कुणाचा धूर कुठला हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पण माझा खरा सल्ला पुढचा आहे. राब कमी करा. निम्म्या रोपवाटिकेवर यंदा राबाशिवाय रोपं करून पाहा, सगळं एकदम सोडायची गरज नाही. राबाने तीन गोष्टी होतात. तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं आणि माती भुसभुशीत होते, त्यामुळे रोप उपटताना मुळं तुटत नाहीत. या तिन्ही गोष्टी टहाळ न जाळताही साधतात.

उतारावर आडवे गादीवाफे करा, चार फूट रुंद आणि वीतभरापेक्षा थोडे कमी उंच. दर गुंठ्याला २५० किलो चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. कच्चं शेण घातलंत तर तणाचं बी तुम्हीच पेराल. वळवाच्या पहिल्या सरीने तण उगवून आलं की हलकी कुळवणी करून ते मोडा, मग पेरा. राखेसाठी भाताच्या तुसाची काळी राख वापरा, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. ती गिरणीवर तूस जाळून सहज मिळते. तिच्यातल्या सिलिकॉनमुळे रोप ताठ होतं आणि खोडकिडीला दाद देत नाही. ही शिफारस चारसूत्री भात लागवडीतलं, म्हणजे चार सूत्रांवर बेतलेल्या सुधारित पद्धतीतलं, पहिलं सूत्र आहे. पेरण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी बुडवा. तरंगलेलं पोचट बी काढून टाका, बुडालेलं दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. काळभात, रायभोग, जिरवेल अशी घरची वाणं लावणाऱ्यांनी तर ही पायरी अजिबात गाळू नये, कारण घरच्या बियाण्यात पोचट दाणा जास्त निघतो.

टहाळीला पर्याय बांधावरच आहे

ऐनाच्या झाडाला दरवर्षी खरवडून ठेवलेलं आपण सगळेच बघतो. मालकीतल्या झाडाच्या फांद्या उतरवायच्याच असतील तर शेंडा राखा आणि एका झाडाला दोन-तीन वर्षं विसावा द्या. अभयारण्याच्या वनातला टहाळ मात्र वन्यजीव कायद्याच्या कलम २९ मध्ये अडकतो. तिथून वनोपज काढायला मुभा हवी.

यावर गिरिपुष्पाइतका (ग्लिरिसिडिया) स्वस्त उपाय दुसरा नाही. पावसाच्या सुरुवातीला अंगठ्याएवढ्या जाडीची, दोन-अडीच फूट लांबीची छाटकलमं बांधावर लावली तर पुढच्या एक-दोन वर्षांत छाटायला पाला मिळतो. चारसूत्रीत गुंठ्याला ३० किलो हिरवा पाला चिखलणीआधी खाचरात पसरायला सांगितलं आहे. तेवढा मिळाला तर युरियाचा खर्च उतरतो. जलाशयाच्या काठच्यांनी युरिया-डीएपीच्या ब्रिकेट्स (दाबून केलेल्या खताच्या गोळ्या) चार चुडांच्या (रोपांच्या ठोंबांच्या) मध्ये ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचाव्यात. फोकलेला युरिया इथल्या पावसात रात्रीतून खाली वाहून जातो. पैसा आपला जातो आणि तलावात शेवाळ वाढतं.

हिरडा, गुरं, पाणकाठ

मालकीतला हिरडा विकण्यात अडचण नाही. वनातल्या हिरड्याचं तसं नाही. वन्यजीव कायदा अभयारण्यातून काढलेलं वनोपज स्थानिकांच्या स्वतःच्या गरजेपुरतं मर्यादित ठेवतो, विक्रीसाठी नाही. दुसऱ्या बाजूला वनहक्क कायदा गौण वनोपजावर हक्क देतो आणि तो अभयारण्यातही मान्य होऊ शकतो. म्हणून ग्रामसभेचा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला आहे का, आणि त्यात नेमकं काय लिहिलं आहे, हे वनहक्क समितीकडून पाहून घ्या. दावा पडून असेल तर हा उन्हाळा त्याच्या पाठपुराव्याचा. पाऊस लागला की कुणालाच सवड नसते.

गुरांबाबत एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. अभयारण्यात आणि त्याच्या ५ किलोमीटरच्या आतल्या जनावरांचं लसीकरण करण्याची तरतूद वन्यजीव कायद्यातच आहे, आणि लस न टोचलेलं जनावर अभयारण्यात चारता येत नाही. आपल्या गुरांची लाळ्या-खुरकूत रानातल्या प्राण्यांना होते, आणि तिकडचा रोग आपल्या गोठ्यात येतो. मे महिन्यात घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घ्या, शेळ्यांना पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग). नोंद कार्डावर करायला लावा. चराईबद्दल कधी विचारणा झाली तर ते कार्ड उपयोगी पडतं.

पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीचं वाटप जलसंपदा विभाग एका हंगामापुरतं करतो आणि प्रकल्पग्रस्तांना त्यात प्राधान्य असतं. तिथे घेतलेलं पीक आपलं, जमीन नाही. बांध-ताली, पत्र्याची शेड, बोअर यातलं काहीही तिथे उभारू नका. कमी दिवसांचं कडधान्य किंवा भाजी घ्या. तणनाशक तर नकोच, कारण महिन्या-दोन महिन्यांत ती माती पुन्हा पाण्याखाली जाणार आहे.

तंबूंचा धंदा

मेच्या अखेरीस काजवे सुरू होतात आणि गाड्यांची रांग लागते. दोन रात्रींत भाताच्या हंगामाएवढे पैसे हातात येतात, त्यामुळे ‘करू नका’ म्हणणं पोकळ आहे. करा, पण मालकीच्या जमिनीवर करा. पूरक धंदा म्हणून राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात नोंदणी करून घ्या. जलाशयाची काठपट्टी आणि वनजमीन तंबूंसाठी नाही. सांडपाण्याचा शोषखड्डा जलाशयाच्या पाण्यापासून लांब घ्या.

बाहेरचा माणूस ‘जागा फक्त भाड्याने द्या, बाकी आम्ही बघतो’ म्हणत आला तर जपा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायलाच नव्हे, भाडेपट्ट्याने द्यायलाही जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. नुसत्या स्टॅम्पपेपरवरचा करार तुमच्या कामाचा नाही. गुन्हा झाला तर सातबाऱ्यावर नाव तुमचं असतं.

काजव्याची अळी जमिनीवरच्या ओल्या पातेऱ्यात वाढते आणि गोगलगायी खाते. हिरड्या-जांभळाखालचा पातेरा झाडून जाळला, झाडावर हॅलोजन टांगला, की पुढच्या वर्षी पाहुण्यांना दाखवायला काही उरणार नाही. त्या झाडांखाली तंबू नको, चूल नको, गाडी नको.

अभयारण्यालगतच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रांच्या अधिसूचनांमध्ये साधारण तीन याद्या असतात: बंदी असलेली, नियंत्रित आणि प्रोत्साहनाची कामं. खाणी, दगडक्रशर, वीटभट्ट्या पहिल्या यादीत. स्थानिकांची चालू शेती, दुग्धव्यवसाय यांना मुभा असते. विहीर-बोअर, झाडतोड, बांधकाम यांवर नियंत्रण असतं. सेंद्रिय शेती, पावसाचं पाणी साठवणं, फळबाग ही कामं शेवटच्या यादीत असतात. आपल्या गावाला काय लागू आहे त्याची मराठी प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयातून मागून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

नुकसान झालं तर

रानडुकरांपायी कुंपणात घरची वीज सोडू नका. माणूस मरतो, जनावर मरतं, आणि दोन्हीचा गुन्हा वेगवेगळ्या कायद्यांखाली लागतो. सौरकुंपणाचा झटका क्षणिक असतो. त्यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं का, हे वनपालाला विचारा. पिकाचं नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत अर्ज द्या, आणि पंचनाम्याआधी शेत आवरू नका. बिबट्याने गाय-शेळी मारली तर ४८ तासांच्या आत कळवा. धड जागेवरून हलवू नका, ओढत नेल्याच्या खुणा पुसू नका, फोटो काढून ठेवा आणि अर्जाची पोच हातात घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.