डबल दांडीला मोटर बसवण्याआधी

जुन्या डबल दांडीच्या सायकलीला पुढच्या चाकात विजेची मोटर बसवायची असेल तर सगळ्यात आधी रिमची भोकं मोजा. हसू नका, मी मोजली नव्हती. आपल्या जुन्या काळ्या २८ इंची सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात आणि बाजारात मिळणारे बहुतेक मोटर-हब, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या मोटरी, ३६ भोकांचे. परळच्या चाळीत गॅलरीत बसून खोका उघडला, हब मांडीवर, रिम भिंतीला टेकवलेली, आणि हिशेब काही जुळेना. शेजारचे काका म्हणाले, "चार तारा कमी लाव की रे!" तसं चालत नाही हो काका. शेवटी ३६ भोकांची ७०० सी मापाची (आजच्या सायकलींची) रिम घेतली. मूळ चाकापेक्षा ती त्रिज्येत जेमतेम सहा-सात मिलिमीटर लहान, मडगार्डखाली कळतही नाही.

पण रिम बदलली की ब्रेकही बदलावा लागतो, हे त्याच यादीत लिहा. जुना दांडीचा ब्रेक रिमच्या पोटाला, म्हणजे हबाकडच्या बाजूला, रबर दाबतो. नव्या रिमला ते पोटच नसतं. आणि खरं सांगायचं तर पावसात तो ब्रेक देवाच्या भरवशावरच असतो, त्यामुळे गेला तर दुःख नको. पुढे लांब हाताचा कॅलिपर, म्हणजे रिम दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी दाबणारा ब्रेक, मागे बँड ब्रेक, म्हणजे पट्टा आवळणारा ब्रेक, बसेल असा हब. मूठ दाबली की मोटर बंद होईल असे स्विचवाले लिव्हरच घ्या, इथे शंभर-दोनशे रुपये वाचवू नका.

पेट्रोल इंजिनाचा मोह मलाही होता. लूनाच्या आवाजावर वाढलोय आम्ही. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांचं वाहन सुटतं ते २५ सीसीपर्यंतच. सायकलवर बसणारी ती परदेशी टू-स्ट्रोक किट ४९ सीसीची, किंवा ८० म्हणून विकली जाणारी पण प्रत्यक्षात ६६ सीसीची. म्हणजे नोंदणी हवी, आणि घरी जुळवलेल्या गाडीला नंबर कोण देणार? विजेच्या मोटरला मर्यादा आहे ०.२५ किलोवॉटच्या आतली ताकद आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग. त्यातही तपासणी संस्थेच्या पडताळणीची अट आहे, तेव्हा किटचे कागद मागून घ्या आणि आरटीओत एकदा विचारून या. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर नियमातच आहे.

खर्चाचं म्हणाल तर माझी मर्यादा २५ हजारांची होती. त्यातला मोठा वाटा बॅटरी आणि मोटरने खाल्ला, सायकल भंगारवाल्याकडून मिळाली. जुनेपणाचं रूप फुकटात पडतं, कारण ते फ्रेममध्येच असतं. दुहेरी दांडी, मागे वळलेलं हँडल, स्प्रिंगची सीट, एवढ्यावर निम्मं काम झालं.

बॅटरी मागवण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाच्या पॅकमध्ये २५०० मिलिअँपिअर-तासाचे साधारण ४० सेल येतात. प्रत्येक सेल ६५ मिलिमीटर लांब, म्हणजे आवरणासकट पॅक सात-आठ सेंटिमीटर रुंद. दांडीखाली पत्र्याची खोटी टाकी करून त्यात तो बसवायचा, पण गुडघे घासायला नकोत. साचा लावून मी गॅलरीत पॅडल मारून बघितलं, लोकांना वाटलं डोकं फिरलंय. टाकीच्या तळाला पाणी जायला बारीक भोक ठेवा, फ्यूज बॅटरीला लागूनच. वायरी, कनेक्टर लॅमिंग्टन रोडला, नटबोल्ट आणि कानस नागदेवी स्ट्रीटला.

कानस लागणारच. जुना पुढचा आस ८ मिलिमीटरच्या आसपास, मोटरचा १० मिलिमीटर चपटा, त्यामुळे फोर्कची खाच दोन्ही बाजूंनी सारखी घासा. टॉर्क आर्म, म्हणजे आस फिरू नये म्हणून फोर्कला अडकवायची पट्टी, न लावता मोटर चालवू नका. आस खाचेत फिरला की वायर पिळवटून तुटते आणि चाक निसटतं.

परळजवळच्या हिंदमाताला पाणी साचलं की हब बुडणारच, म्हणून जुलैचे तीन-चार दिवस सायकल खांबाला. चार्जिंगसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारा, नंतर नाही. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

रंग शेवटी. मी आधी दिला आणि फोर्क घासताना खरवडला. पहिल्या ५० किलोमीटरनंतर तारा आणि आसाचे नट पुन्हा कसा.

पितळी भोंगा अजून राहिलाय. शुक्रवारी पहाटे चोरबाजारात एक फेरी मारणार आहे.