जर्मनीत सीएस (कम्प्युटर सायन्स) मास्टर्स करायचंय? आधी बीईचा सिलॅबस शोधा

डिसेंबर आला की ज्युनिअर्सचे मेसेज सुरू, दादा एसओपी (अर्जासोबतचं 'मला हे का शिकायचंय' पत्र) बघ ना. बघतो रे, पण एपीएस, म्हणजे आपली डिग्री-मार्कशीट खरी आहे का याची जर्मनीकडून होणारी तपासणी, केलीस का विचारलं की पलीकडे शांतता. नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याकडच्या मुलांना एपीएस सर्टिफिकेटशिवाय स्टुडंट व्हिसा मिळत नाही, बऱ्याच युनिव्हर्सिट्या तर अर्जासोबतच मागतात. फी १८ हजार, आणि हातात यायला वेळ लागतो, म्हणून विंटरला म्हणजे ऑक्टोबरला जायचं असेल तर आदल्या दिवाळीच्या आसपासच अर्ज टाकून मोकळं व्हा.

मग स्वतःचा जर्मन ग्रेड काढा. तिकडे १ सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे काठावर पास. कमाल मार्कांतून तुमचे वजा करा, त्याला कमाल वजा पासिंगने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. समजा १० पैकी ८ सीजीपीए आणि पासिंग ४, तर येतो २.०.

आता खरी गोम. सीएसच्या प्रोग्रामला बऱ्याच ठिकाणी तुमचे बीईचे विषय त्यांच्या बॅचलरशी ताडून बघतात, मॅथ्स किती, थिअरॉटिकल सीएस किती, असं क्रेडिटमध्ये. मी पहिल्या वर्षी फॉर्मात नुसतं 'थिअरी ऑफ कम्प्युटेशन' लिहून मोकळा झालो, एजंट म्हणाला चालतंय, आणि थिअरीचे क्रेडिट कमी म्हणून रिजेक्ट. एजंटने पैसे घेतले ते घेतलेच. पुढच्या वर्षी सिलॅबसची पीडीएफ उघडून युनिट युनिट लिहिलं. कंपायलरमधलं पार्सिंग आणि ग्रामर, डीएएमधलं (अल्गोरिदमचा पेपर) एनपी-कम्प्लीट, डिस्क्रीटमधलं लॉजिक, एम-वन ते एम-थ्री हे मॅथ्सचे पेपर सगळे मॅथ्सच्या खात्यात. डिग्री तीच, मार्क तेच, पण यावेळी अ‍ॅडमिट आलं. तुमच्या बॅचचाच सिलॅबस घ्या हं, पॅटर्न बदलला की पेपरची नावंही बदलतात, आणि डिपार्टमेंटचा शिक्का मारून घ्या, शिपाईकाका जेवायला गेले की दुपार गेलीच समजा.

बऱ्याच युनिव्हर्सिट्यांचे अर्ज युनी-असिस्ट या परदेशी मुलांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमधून जातात, पहिल्याला ७५ युरो, त्याच सेमिस्टरला पुढच्या प्रत्येकाला ३०. म्हणून वीस ठिकाणी टाकू नका, विषय जुळणारी सहा-सात बास.

आणि 'जर्मनीत फुकट' हे सरसकट धरून चालू नका. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात ईयूबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत, टीयू म्युनिकने २०२४-२५ च्या विंटरपासून फी लावली, मास्टर्सला ४ ते ६ हजार सेमिस्टरला. बाकी बऱ्याच सरकारी ठिकाणी फक्त सेमिस्टरची वर्गणी. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ते तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ असे आपल्यालाच परत मिळतात. लोन काढणार असाल तर ही रक्कम त्यात धरून काढा, बाबांना ऐनवेळी एफडी मोडायला लावू नका.