पाकीट जाते ते चढताना आणि उतरताना: प्रवासातील या चुका टाळा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गावी निघालो असताना बसस्थानकावर माझे पाकीट मारले गेले, त्याला आता बरीच वर्षे झाली. एसटी फलाटाला लागली, गर्दी दाराकडे धावली, माझ्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात खिडकीतून सीटवर टाकायचा रुमाल होता. वाहक तिकिटासाठी समोर येऊन उभा राहिला तेव्हाच मागचा खिसा रिकामा असल्याचे मला कळले. पाकिटात तीन हजारांच्या आसपास रोकड होती आणि ती गेल्याचे दुःख चार दिवसांत ओसरले. मात्र त्याच पाकिटातले आधार कार्ड, पॅन कार्ड, वाहन परवाना आणि दोन एटीएम कार्डे पुन्हा हातात येईपर्यंत जवळजवळ अडीच महिने गेले. तेव्हापासून प्रवासात मी एका गोष्टीकडे बारकाईने पाहू लागलो: पाकीट दिवसभर सारख्याच धोक्यात नसते. गाडीत चढताना, पैसे किंवा ओळखपत्र बाहेर काढताना, झोपेत आणि उतरताना ते जाते. या चार वेळा आधी ठाऊक असतात, म्हणून त्यांची तयारीही आधी करता येते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका ही तयारी न केल्यामुळेच होतात.

चोरखिशातून खर्च करणे

पैसे कोठे लपवावेत हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. धोतर नेसणारी मंडळी कनवटीला पैसे लावत, बंडीला आतून खिसा असे, बायका कमरेला बटवा खोचत आणि आजही शिंप्याला सांगितले की तो पँटच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला चोरखिसा शिवून देतो. जागा चांगलीच असते. चूक होते ती त्या जागेतून दिवसभर पैसे काढल्याने. चहाच्या टपरीवर सदरा वर करून चोरखिशातून पाचशेची नोट काढणारा प्रवासी शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपली तिजोरी दाखवत असतो. नोट सुटी करून उरलेले पैसे पुन्हा तेथेच ठेवताना तर तो किती रक्कम शिल्लक आहे हेही दाखवतो.

यावरचा उपाय साधा आहे, पण तो घर सोडण्यापूर्वीच करावा लागतो. समजा, चार दिवसांसाठी सहा हजार रुपये रोख न्यायचे आहेत. त्यातले त्या दिवसाला लागतील तेवढे, म्हणजे चारशे-पाचशे रुपये, दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटांत पुढच्या खिशात ठेवावेत आणि दिवसभराचा सगळा व्यवहार तेवढ्यातच करावा. उरलेली रक्कम दोन जागी वाटावी आणि मुक्कामाच्या खोलीचे दार आतून लावल्याशिवाय तिला हात लावू नये. पुढचा खिसा मारला गेला तरी नुकसान त्या दिवसाच्या खर्चापुरतेच राहते. एक सवय मात्र सर्वांनाच मोडावी लागेल. ‘खिसेकापूंपासून सावध राहा’ अशी पाटी दिसली किंवा ध्वनिक्षेपकावर तशी सूचना झाली की आपला हात आपोआप पैशाच्या जागेवर जातो आणि ती जागा पाहणाऱ्याच्या लक्षात येते.

मोठी रक्कम कमरेला बांधली म्हणजे ती सुरक्षित झाली, असे समजणेही बरोबर नाही. 2005 साली एक व्यापारी एक लाख रुपये कमरपट्ट्यात बांधून रेल्वेच्या आरक्षित डब्यातून रात्रीचा प्रवास करत होता. पहाटे जाग आली तेव्हा ती रक्कम गेलेली होती. ग्राहक मंचाने त्याला भरपाई मंजूर केली होती, परंतु प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर 2023 मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि प्रवाशाला स्वतःचे सामान सांभाळता आले नाही तर त्याची जबाबदारी रेल्वेवर टाकता येणार नाही, असे स्पष्ट केले. रेल्वे अधिनियम, 1989 मधील कलम 100 देखील हेच सांगते की पावती देऊन नोंदवलेले सामान सोडता इतर सामानाच्या बाबतीत रेल्वे कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावरच भरपाई मिळू शकते. लग्नाच्या खरेदीची किंवा व्यवहाराची मोठी रक्कम अंगावर नेण्यापेक्षा बँकेतून पाठवणे हेच शहाणपणाचे आहे.

चढताना दोन्ही हात गुंतवणे

दारातली गर्दी नेहमीच आपोआप झालेली नसते. पुढचा माणूस पायरीवर अचानक थांबतो, मागचा रेटा देतो आणि तिसरा, ज्याच्या हातावर शाल, वर्तमानपत्र किंवा पिशवी असते, तो आपले काम उरकतो. रेटारेटीत शरीराला इतके स्पर्श होत असतात की त्यातला एक वेगळा ओळखता येत नाही. जागा धरण्यासाठी रुमाल टाकण्याची धडपड, कडेवरचे मूल आणि कानाला लावलेला मोबाइल या तिन्ही गोष्टी त्याच्या सोयीच्या ठरतात. बरोबर दोघे असतील तर एकाने आधी चढून जागा धरावी, दुसऱ्याने सामान घेऊन गर्दी ओसरल्यावर चढावे आणि एकटे असाल तर एक हात मोकळा ठेवावा. सीट जाईल, पण तेवढे सोसावे.

पँटच्या मागच्या खिशात पाकीट ठेवू नये हे सर्वांना ठाऊक असूनही सर्वाधिक लोक ते तेथेच ठेवतात. शर्टाचा वरचा खिसाही तितकाच वाईट, कारण पायरी चढताना किंवा खाली पडलेली नाणी उचलायला वाकताना त्यातला मोबाइल स्वतःच बाहेर येतो. पाठीवरची सॅक पोटाशी घ्यावी. पर्सची चेन ज्या टोकाला बंद होते ते टोक शरीराकडे असावे. पिशवीला ब्लेड लावतात तेव्हा चिरा बहुधा तळाला किंवा बाहेरच्या बाजूला पडतो, म्हणून कागदपत्रांचे पाऊच तळाशी न ठेवता कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवावे. लग्नाला निघालेल्या स्त्रिया अंगावरचे दागिने काढून पर्समध्ये ठेवतात आणि ती पर्स मोठ्या पिशवीच्या सर्वात वर ठेवतात. दागिने लंपास झाल्याच्या बातम्यांत हा तपशील इतक्यांदा येतो की तो वेगळा सांगणे मला आवश्यक वाटते.

मुंबईच्या लोकलमध्ये धोका थोडा वेगळा आहे. दारात उभे राहून मोबाइल पाहणाऱ्याच्या हातावर रुळांच्या कडेने काठीचा फटका मारून मोबाइल पाडतात, म्हणूनच अशा टोळ्यांना ‘फटका गँग’ हे नाव पडले. यात केवळ मोबाइल जात नाही. तोल जाऊन प्रवासी खाली पडल्याच्या आणि जीव गमावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. दारात उभे राहणे टाळता येत नसेल, तर निदान मोबाइल तेवढा वेळ आत ठेवावा. आणि हातावर फटका बसलाच, तर मोबाइलसाठी चालत्या गाडीतून कधीही उडी मारू नये.

ओळखपत्रासाठी सगळी पर्स उघडणे

ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. ज्येष्ठांना या सवलतीसाठी ओळखपत्र दाखवावे लागते. त्यामुळे वाहक आला की आजी-आजोबा गर्दीत उभ्यानेच पर्स उघडतात, त्यातून पैशांची घडी, औषधांच्या पट्ट्या, पासबुक असे सगळे बाहेर काढून आधार कार्ड शोधतात आणि मग थरथरत्या हाताने ते सगळे परत कोंबतात. त्यांच्यासाठी ओळखपत्र एका पारदर्शक कव्हरमध्ये घालून पैशांपासून पूर्ण वेगळ्या खिशात ठेवून देणे हे घरातल्या तरुणांचे काम आहे. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते कोणी तरी करायला हवे.

कुटुंबासह निघालेले लोक सर्वांची मूळ कागदपत्रे एकाच्याच पर्समध्ये ठेवतात, ही याच जातीची चूक आहे. रेल्वेच्या एका आरक्षित तिकिटावर प्रवास करणाऱ्यांपैकी एकाचे मूळ ओळखपत्र सहसा पुरते, त्यामुळे बाकीच्यांची कागदपत्रे दुसऱ्याच्या बॅगेत राहू शकतात. पॅन कार्ड, पासबुक, चेकबुक आणि मतदार ओळखपत्र यांचे तर देवदर्शनाच्या प्रवासात कामच नसते. डिजिलॉकर या सरकारी ॲपमधील आधार आणि वाहन परवाना रेल्वेने 2018 पासून ओळखपत्र म्हणून मान्य केले आहेत, मात्र ते शासनाकडून थेट आलेल्या ‘इश्यूड डॉक्युमेंट्स’ या विभागात असायला हवेत; आपण स्वतः फोटो काढून चढवलेली प्रत चालत नाही. ऐन वेळी तपासनिसासमोर अडकलेले अनेक जण येथेच चुकलेले असतात. शिवाय मोबाइलच चोरीला गेला तर डिजिलॉकरही हाताबाहेर जाते, कारण त्यात शिरण्याचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. म्हणून कागदपत्रांच्या झेरॉक्स एका सहप्रवाशाकडे आणि त्यांचे फोटो घरी राहिलेल्या माणसाकडे असावेत.

गणवेश नसलेल्या ‘पोलिसावर’ विश्वास ठेवणे

‘पुढे चोरी झाली आहे, तपासणी सुरू आहे, अंगावरचे दागिने आणि पैसे काढून रुमालात बांधून ठेवा’ असे कोणी सांगितले तर तो तोतया आहे असेच समजावे. रुमाल बांधायला ‘मदत’ करताना तो पुडी बदलतो आणि घरी जाऊन उघडली की त्यात खडे निघतात. खरे पोलीस रस्त्यावर कोणालाही दागिने काढायला सांगत नाहीत. अशा वेळी जवळच्या दुकानात जावे आणि 112 क्रमांकावर फोन करावा. पाठीवर घाण पडल्याचे सांगणारा किंवा पायाशी दहाच्या नोटा टाकून ‘तुमचे पैसे पडले’ म्हणणारा याच वाटेने येतो. त्याच्याकडे न पाहता आधी आपल्या पिशवीवर हात ठेवावा.

यात्रेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पंढरपूरला चंद्रभागेत स्नानाला उतरताना वाळवंटात कपडे आणि पिशवी तशीच सोडणारे पुष्कळ असतात. दिंडीतले जुने वारकरी या बाबतीत काटेकोर असतात: सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, अंगावर थोडेसे पैसे, आणि स्नानाच्या वेळी एक जण काठावर. रात्रीच्या रेल्वेत खालच्या बर्थखाली असलेल्या कड्यांना साखळीने बॅग बांधावी, पण पैसे आणि कागदपत्रे त्या बॅगेत किंवा उशीखाली नसावीत. ती अंगावरच्या कपड्याच्या आत, पोटाकडे असावीत.

मोबाइल गेल्यावर आधी मोबाइल शोधत बसणे

आता पाकिटापेक्षा मोबाइल जाणे जास्त महाग पडते, कारण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि आपले ओटीपी त्याला मिळू लागतात. यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये सिम पिन आधीच लावून ठेवावा. मग सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले की तो पिन मागितला जातो आणि तीनदा चुकल्यावर सिम अडते. कुलूपबंद स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसणे बंद करावे. कार्डाची पिन न टाकता पैसे देण्याची सोय प्रत्येक व्यवहाराला पाच हजार रुपयांपर्यंत चालते. प्रवासापुरती ती बँकेच्या ॲपमधून बंद ठेवता येते.

चोरी लक्षात आली की क्रम असा असावा: सहप्रवाशाच्या फोनवरून आधी सिम कंपनीला सांगून सिम बंद करावे, लगेच बँकेला कळवून कार्डे आणि यूपीआय थांबवावे, खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार द्यावी आणि त्यानंतरच पोलीस ठाणे गाठावे. येथे वेळेला खरोखर किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसलेल्या बाहेरच्या व्यक्तीच्या गैरव्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर भार येत नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. एटीएम कार्डाबरोबर पिन लिहिलेली चिठ्ठी ठेवणे हे त्याचे सर्वात उघड उदाहरण आहे. नवे सिम घेतल्यावर पहिले 24 तास त्यावर संदेश येत नाहीत, हेही लक्षात घेऊन घरच्या दुसऱ्या क्रमांकाची सोय ठेवावी.

रेल्वेत चोरी झाली तर 139 वर कळवावे. तक्रारीचा अर्ज तपासनिसाकडे किंवा गाडीतल्या पोलिसांकडे मिळतो, त्यामुळे प्रवास अर्धवट सोडून उतरण्याची गरज नसते. हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवत असेल, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चा उल्लेख करावा. गुन्हा कोठेही घडला असला तरी त्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. घाईत अनेक जण ‘वस्तू गहाळ झाली’ असे लिहून देतात. चोरी झाली असेल तर चोरी असेच लिहावे. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे हँडसेटची स्वतःची ओळख सांगणारा क्रमांक, मात्र हाताशी हवा. तो *#06# दाबल्यावर दिसतो आणि घरून निघण्यापूर्वीच लिहून ठेवावा लागतो. तो आणि पोलीस तक्रारीची प्रत असली की केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरून हँडसेट देशभरात निकामी करता येतो.

खिसेकापूला बहुधा रोकड हवी असते आणि कागदपत्रे तो जवळच कोठे तरी फेकून देतो. म्हणून बसस्थानकाचे नियंत्रण कक्ष, स्टेशन मास्तर आणि सफाई कर्मचारी यांच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा चौकशी करावी. माझा परवाना आणि पॅन कार्ड असेच एका सफाई कामगाराला स्थानकाच्या मागच्या भिंतीजवळ सापडले होते, परंतु परवान्यावर जुन्या घराचा पत्ता होता आणि फोन क्रमांक कोठेच नव्हता, त्यामुळे ती माझ्यापर्यंत पोचेपर्यंत मी दुय्यम प्रतींसाठी अर्ज करून मोकळा झालो होतो. आता माझ्या कागदपत्रांच्या पाऊचमध्ये एक छोटी चिठ्ठी असते. तिच्यावर नाव नाही, पत्ता नाही, फक्त घरच्या एका माणसाचा मोबाइल क्रमांक आणि ‘सापडल्यास कृपया कळवावे’ एवढेच लिहिलेले आहे.