आयएल्ट्सच्या निबंधात 'शाप की वरदान' चालत नाही

'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध शाळेत आपण सगळ्यांनीच लिहिलाय. आधी फायदे, मग तोटे, आणि शेवटी 'वापर कसा करायचा ते आपल्याच हातात'. शाळेत त्यावर मार्क मिळायचे. ओळखीतली मुलं आयएल्ट्सचे (परदेशात शिकायला किंवा राहायला जाताना देतात ती इंग्रजीची परीक्षा) निबंध मला तपासायला पाठवतात, त्यांतही हे शेपूट हमखास असतं.

रायटिंग टास्क 2, म्हणजे लेखनाच्या पेपरातला निबंध, त्यात प्रश्न आधी नीट वाचा. फक्त 'अ‍ॅडव्हान्टेजेस अँड डिसअ‍ॅडव्हान्टेजेस' विचारले असतील तर दोन्ही बाजू मांडल्या की भागतं. पण 'डू द अ‍ॅडव्हान्टेजेस आउटवे द डिसअ‍ॅडव्हान्टेजेस?' असं असेल तर तुमचा कौल हवा असतो. तो नसला की 'टास्क रिस्पॉन्स'चे, म्हणजे विचारलेल्याला नीट उत्तर दिल्याचे, गुण जातात. या टास्कचं वजन पहिल्याच्या दुप्पट आहे, तेव्हा तासातली 40 मिनिटं इथेच द्या.

घरून काम हा विषय घ्या. बहुतेक जण लिहितात : 'फर्स्टली, इट सेव्हज टाइम. सेकंडली, इट सेव्हज मनी. ऑन द अदर हँड, पीपल फील लोनली.' व्याकरण ठीक, पण ही नुसती यादी झाली. आता हे बघा : 'वर्किंग फ्रॉम होम सेव्हज अ लाँग कम्यूट, बट धिस कम्स अ‍ॅट द कॉस्ट ऑफ लर्निंग फ्रॉम सीनियर कलीग्ज. फॉर समवन इन अ फर्स्ट जॉब, दॅट लॉस आउटवेज द टाइम सेव्ह्ड.' पहिल्या वाक्यात फायदा आणि त्याची किंमत, दुसऱ्यात कोणासाठी काय जड. 'फॉर समवन इन...' हा तुकडा माझा लाडका. नेमकं कोणाबद्दल बोलतोय हे ठरलं की बाजू घेणं सोपं जातं.

शेवटच्या परिच्छेदाला 'ऑन बॅलन्स, आय बिलीव्ह...' पुरतं. 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स' मात्र कृपा करून नको; परीक्षकांनी ते इतक्यांदा वाचलेलं असतं!

स्पीकिंगच्या तिसऱ्या भागात, म्हणजे परीक्षकाशी चर्चा होते तिथे, भाषा सैल चालते. 'द अपसाइड इज...', 'द ओन्ली कॅच इज...', 'आय'ड लीन टुवर्ड्स...' असं बोललात तर पाठ करून आल्यासारखं वाटत नाही. 'प्रोज अँड कॉन्स'ही इथे शोभतं, निबंधात 'बेनिफिट्स अँड ड्रॉबॅक्स' बरं.

दोन चुका सतत दिसतात. 'डिस्पाइट ऑफ' असं काही नसतं. एक तर 'डिस्पाइट' किंवा 'इन स्पाइट ऑफ'. आणि दुसरी बाजू सांगताना 'ऑन द कॉन्ट्ररी' लिहू नका. आधीचं म्हणणं खोडून काढायचं असेल तरच ते येतं, एरवी 'ऑन द अदर हँड' किंवा नुसतं 'हाउएव्हर'.