चावीच्या रिमोटवर गाडी सुरू करायची, तर आधी बॉनेटचा स्विच

कॅनडातला हिवाळा तोंडावर आला की गाडीला रिमोट स्टार्टर बसवायचा विषय निघतोच. वेगळा रिमोट न बाळगता, गाडीच्या मूळ चावीवरचं लॉकचं बटण तीनदा दाबून इंजिन सुरू करायचं असा बेत असेल, तर सामान मागवण्याआधी बॉनेट उघडा, इग्निशन ऑन करा आणि मीटरवर बॉनेट उघडं असल्याची खूण येते का बघा. येत असेल तर बॉनेटच्या कुलपापाशी कंपनीचाच स्विच आहे. मॉड्यूलला, म्हणजे रिमोट स्टार्टरच्या इलेक्ट्रॉनिक डबीला, तो वाचता येतो का, हे तुमच्या गाडीच्या वायरिंग गाइडमध्ये मिळेल. खूण येत नसेल, तर यादीतली पहिली वस्तू बॉनेटचा पिन स्विच, म्हणजे बॉनेट उघडं आहे हे मॉड्यूलला कळवणारा दांडीचा छोटा खटका. मागच्या खेपेला माझ्याकडून हाच राहून गेला होता. बाकी सगळं नीट चालत होतं, त्यामुळे तो नाही हे लक्षातही येत नव्हतं.

आता मॉड्यूल. फॉर्टिन आणि आयडेटालिंक ही दोन नावं इथे सर्रास ऐकू येतात, दोन्ही मॉन्ट्रियलची. मॉडेल, वर्ष आणि चावी फिरवायची की पुश बटण, हे तिन्ही जुळवूनच घ्या. ‘त्याच कंपनीची गाडी आहे, चालेल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. कॅनडात 1 सप्टेंबर 2007 पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू राहत नाही. मॉड्यूलचं निम्मं काम या इमोबिलायझरची समजूत घालण्याचं असतं, आणि ते प्रत्येक गाडीत वेगळं. जादाची चावी डॅशबोर्डच्या आत लपवून ठेवायची जुनी पद्धत कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. चोराला ती आयती मिळते. गाडीला शक्यतो तयार टी-हार्नेस घ्या, म्हणजे मूळ कनेक्टरच्या मधे अडकवायचा वायरींचा जोड; वायरी सोलत बसावं लागत नाही. गिअरची मॅन्युअल गाडी असेल तर हा उद्योग घरी करू नका. गाडी गिअरमध्ये राहिली आणि स्टार्टर फिरला तर ती समोरच्या भिंतीवर जाईल.

फर्मवेअर, म्हणजे मॉड्यूलच्या आतलं सॉफ्टवेअर, डॅशबोर्ड उघडण्याआधीच लॅपटॉपवरून चढवा. ‘मूळ रिमोटवर तीनदा लॉक’ हा पर्याय त्याच वेळी चालू करायचा असतो, बऱ्याचदा तो आपणहून चालू नसतो. काही गाड्यांत मॉड्यूल एकदा गाडीला जोडायचं, मग काढून पुन्हा इंटरनेटवरच्या कॉम्प्युटरला लावायचं आणि परत गाडीत बसवायचं, असा फेरा असतो. त्यामुळे गॅरेजमध्ये वायफाय पोचतं का ते आधी बघा. लॅपटॉपवर जिथे तीनदा लॉकचा पर्याय असतो, तिथेच बॉनेटच्या स्विचबद्दलचा पर्यायही असतो. स्विच नसेल तर तो बंद करून पुढे जाता येतं, आणि लोक तसंच करतात. तुम्ही करू नका. पुढे जाता येतं म्हणूनच तो राहून जातो.

स्विचवर एवढं अडून बसण्याचं कारण सांगतो. वेगळ्या रिमोटवर स्टार्टचं बटण निराळं असतं, इथे मात्र लॉकचंच बटण स्टार्टचंही झालेलं असतं. चावी जीन्सच्या खिशात दाबली जाते, पोरांच्या हातात जाते, आणि दुसरी चावी घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असते. हिवाळ्यात काच धुण्याचं निळं पाणी भरायला आपण बॉनेट सारखं उघडतो. तुमचा हात बेल्टपाशी, आणि घरातून कुणीतरी चांगल्या मनाने ‘गाडी जरा गरम करू’ म्हणून लॉक तीनदा दाबतं. बॉनेट उघडं आहे हे गाडीला कळायलाच हवं.

स्विच बसवायची जागा घाईने ठरवू नका. बॉनेट मिटल्यावर दांडी पूर्ण दाबली गेली पाहिजे आणि थोडं उचलताच सुटली पाहिजे. पन्हळीसारख्या खाचेत बसवलात तर रस्त्यावरच्या मिठाचं पाणी तिथेच साचतं आणि स्विच गंजून अडकतो. भोक पाडण्याआधी पत्र्यामागे काय आहे ते हात घालून बघा. स्विचला अर्थिंग त्याच्या बुडाशी पत्र्यातून मिळतं, तेव्हा तिथला रंग खरवडा आणि नंतर ग्रीस लावा. वायर आत नेताना कंपनीचंच रबरी बूच वापरा, पत्र्याच्या धारेवरून ओढू नका.

डॅशबोर्डखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, हात लावायचा नाही. वायर तपासायला मल्टिमीटरच हवा, बल्बचा टेस्टर नको. ब्रेकची वायर जोडलीच पाहिजे. वायरी वाइपर किंवा पेडलच्या वाटेत येणार नाहीत अशा बांधा. काम चालू असताना बॅटरीला चार्जर लावून ठेवा, इग्निशन बराच वेळ ऑन राहतं.

चाचणी घेताना चावी बाहेर आणि सगळे दरवाजे बंद. दार उघडं असेल तर बऱ्याच गाड्या लॉकची खूणच मॉड्यूलपर्यंत नेत नाहीत, आणि माणूस उगाच सगळं पुन्हा उकलत बसतो. तीन दाबण्या एकापाठोपाठ, पण प्रत्येक दाबणी सुटी. दुसऱ्या दाबणीला हॉर्न वाजणाऱ्या गाड्या आहेत. तो सेटिंगमध्ये बंद होतो का बघा, पहाटे पाचला शेजाऱ्यांनी का उठावं? इंजिन सुरू झालं की पहिली चाचणी हीच: आतला खटका ओढून बॉनेट उचला. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. मग बॉनेट उघडंच ठेवून लॉक तीनदा दाबा, इंजिन सुरू होता कामा नये. या दोन्ही गोष्टी होईपर्यंत डॅशबोर्डचं झाकण लावू नका.

मग ब्रेक दाबून इंजिन बंद होतं का, गाडी पार्कमध्ये नसताना सुरू व्हायला नकार देते का. चावी फिरवायची गाडी असेल तर आधी चावी ऑनवर, मगच ब्रेक. उलट केलंत तर इंजिन बंद. अनेक पुश बटण गाड्या दार उघडताच बंद होतात, ते बिघाड समजू नका. मूळ चावीचा पल्ला कमीच, बाराव्या मजल्यावरून भागणार नाही.

घराला चिकटलेल्या गॅरेजमध्ये गाडी उभी करत असाल तर तीनदा लॉकचा पर्याय ठेवूच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हिमवादळानंतर सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं केल्याशिवाय बटण दाबायचं नाही. घरातल्या सगळ्यांना हे सांगा. सर्व्हिसला देताना मॉड्यूल व्हॅलेवर टाका, म्हणजे रिमोट स्टार्ट तात्पुरता बंद करा, बॉनेटखाली ‘रिमोट स्टार्टर आहे’ असं स्टिकर लावा, आणि दर हिवाळ्याच्या सुरुवातीला तो पिन बोटाने दाबून सोडून बघा.